सहावी फळी

“रंधा मार परत. मधे बाक आहे.”

दादांनी फळी धाकट्या भावाकडे सरकवली. वाचनालयाच्या कपाटाची ही सहावी फळी. आधीच्या पाच रंधून रंधून इतक्या पातळ झाल्या होत्या, की त्यांच्यावर पुस्तकं नाही, पिसंच ठेवावी लागली असती.

“दादा, मला तर सरळ दिसतेय.”

“तीस वर्षं तुला सगळंच सरळ दिसतंय. म्हणून तर बघायचं काम माझ्याकडे!”

हे मात्र खरं. फळी उचलून धरायची, उजवा डोळा मिटायचा, डाव्याने कडेवरून नजर टाकायची आणि निकाल द्यायचा. दादांचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दोन महिने धाकटा मुकाट्याने बोलणी खात होता. वाईट याचं, की आपलेच हात बिघडले असं त्याला खरोखर वाटू लागलं होतं.

आज मात्र त्याने रंधा उचलला नाही. फळीच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकले आणि कडेला लागून दोरी ताणून बांधली.

“आता बघा.”

दादांनी उजवा डोळा मिटला. फळी वाकडी होती. दोरीही वाकडी होती, अगदी तिथेच. त्यांनी दोरी बोटाने छेडली. ती कडक ताणलेली होती. ताणलेली दोरी वाकत नाही, हे सुताराला कुणी शिकवावं लागत नाही. मग त्यांनी डावा डोळा मिटून उजव्याने पाहिलं. फळीही सरळ होती, दोरीही.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून दोन्ही डोळे आतून तपासले.

“साखर किती वर्षं आहे?”

“आठ. गोळ्या घेतो की. कधीमधी राहतात.”

“आणि डोळे कधी दाखवले होते?”

“कशाला? पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो.”

“ते उजवा डोळा सांभाळून घेतोय म्हणून. डाव्याच्या पडद्याला साखरेमुळे सूज आलीय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. यासाठीच दर वर्षी तपासायचं, काही होत नसलं तरी.”

“काही होत नसताना डॉक्टरकडे कोण येतं?”

“कुणीच येत नाही,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “डाव्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. सूज उतरेल, पण नजर पहिल्यासारखी होईलच असं नाही. उजव्यातही सुरुवात आहे. तो मात्र राखता येईल. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, आणि बोलावलं की या.”

दादा भिंतीला हात लावत बाहेर आले. थेंबांमुळे सगळंच धूसर होतं. बाकावरून धाकटा उठला.

“काय म्हणाल्या?”

आयुष्यात दादांनी त्याच्यापुढे चूक कबूल केली नव्हती.

“तुझ्या फळ्या सरळ होत्या.”

“फळ्या गेल्या खड्ड्यात! डोळ्याचं सांगा.”

“उजवा वाचेल. डावा जेवढा राहील तेवढा.” दादा पुन्हा फळ्यांवर आले. “सहाच्या सहा सरळ होत्या रे.”

पायऱ्या उतरताना धाकटा दादांच्या उजवीकडे होता. रस्त्यावर आल्यावर मागून वळसा घालून तो डावीकडे आला आणि तिकडूनच चालू लागला.