अर्धी नक्कल

भय्याजींनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि आवाज चढवून म्हणाले, "दार उघड. मी आलो."

म्हैस रवंथ करीत राहिली. भय्याजी जरा थांबले, कोणी काही बोलल्यासारखी मान डोलावली आणि पुढे म्हणाले, "वाट चुकलो होतो."

ओसरीवर पसरलेले फोटो आवरता आवरता कुंताचा हात थांबला. नाकाडोंगरीच्या मंडईतलं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतलं, बाबांचं नाटक उद्यावर आलं होतं. दर दिवाळीनंतर ती या तालमी ऐकत आली होती, पण कान देऊन ऐकलं ते अठ्ठ्याहत्तर सालच्या या दुपारी.

फोटो होते पाचशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच हस्तलिखिताचे. हैदराबादला त्यावर तिचा प्रबंध चालला होता, म्हणजे खरं तर अडला होता. त्यात एक माणूस बोलतो, पण कशाचा कशाला मेळ नाही. मध्येच कडेला दोन-तीन सुटे शब्द, मग पुन्हा भलतंच. जुन्या पंडितांनी ते वेड्याचं गाणं म्हणून बाजूला टाकलं होतं. सुट्टीनंतर दुसरा विषय घ्या, नाहीतर शिष्यवृत्ती विसरा, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. कुंताचा मात्र त्या वेड्यावर जीव जडला होता. त्याला सोडायचं या विचारानं यंदा दिवाळीचा घासही तिला गोड लागला नव्हता.

"बाबा, हातातला तो कागद दाखवा."

"माही नक्कल व्हय ते. तुले कायले पायजे?"

तिनं कागद ओढूनच घेतला. नाटकाची सगळी वही नटाला कधी मिळत नसे. ज्याची त्याची भाषणं उतरवून देत, तीच त्याची नक्कल. कागदावर बाबांच्या ओळी होत्या, आणि आपण कधी तोंड उघडायचं ते कळावं म्हणून समोरच्याच्या भाषणाचे शेवटचे दोन-तीन शब्द कडेला.

कुंता ओसरीवरच्या फोटोंकडे धावली. तिनं एक फोटो नकलेशेजारी धरला. हुबेहूब!

"बाबा, हा येडा नाही!" हैदराबादेत घासूनपुसून घेतलेली भाषा कुठल्या कुठे पळाली. "नट हाय हा, नट! हे याची नक्कल हाय!"

ती अंगणभर नाचली. तांदूळ पाखडणाऱ्या आईनं, धुरपताबाईंनी, सूप सावरलं.

"हळू वं पोरी, सांडवशीन."

भय्याजींचेही डोळे चमकले. पाचशे वर्षांपूर्वीचा भाऊबंद भेटला होता.

"मंग याच्या समोर कोन होता?"

कुंताचे पाय थांबले. "तेच तं हरवलं, बाबा. एकाच बाजूचं उरलं. समोरून काय म्हटलं, ते आता कसं कळन?"

तरी ती नक्कल समोर ठेवून मार्गदर्शकांना पत्र लिहायला बसली. विषय बदलणार नाही, हे पहिलं वाक्य. भय्याजी पुन्हा म्हशीकडे वळले.

"दार उघड. मी आलो."

"आता आठोलं घर?" सुपातून मान वर न काढता धुरपताबाई म्हणाल्या.

भय्याजी चमकले, पण सवयीनं बोलून गेले, "वाट चुकलो होतो."

"चुकले म्हनता. मंग पाय कोनाच्या घरी धुतले?"

कुंताची लेखणी थबकली. "माय, सेवकरामकाका असं म्हनते?" नाटकात लुगडं नेसून भय्याजींसमोर बायकोचं काम सेवकराम करायचे.

"मले काय मालूम? मंडईत घर पाव्हन्यायनं भरलं रायते, मी कधी गेली नाटकाले? तुह्या बाबाचं तेवढं आयकतो, न् मधातलं आपल्या मनानं लावतो."

"सेवकराम तं इथं रडते," भय्याजी हळूच म्हणाले.

"रडन कायले?"

कुंता हसत सुटली. हरवलेली बाजू अशीच तर, उरलेल्या ओळींवरून, शोधायची होती! तिनं भराभर दुसरं वाक्य लिहायला घेतलं.

भय्याजींची पुढची ओळ होती, 'माझं चुकलं, पण तुझ्यावाचून मला घर नाही.' सेवकरामला आणि म्हशीला ती त्यांनी आजवर खणखणीत ऐकवली होती. आता धुरपताबाई सूप खाली ठेवून थेट त्यांच्याकडे पाहत होत्या. भय्याजी रिकाम्या हातात नक्कल शोधू लागले.

"बोला नं," धुरपताबाई म्हणाल्या. "तुमची पारी हाय."