वरची चार बोटं

"वरची चार बोटं मोकळी ठेव गं. गच्च भरलीस ना पेटी, तर एक चादर ठेवायला दहा उपसाव्या लागतील."

पेटीच्या झाकणावर बसून ते दाबणारी लहानशी ती, आणि पाठीमागून आलेला आईचा हा आवाज. इतक्या वर्षांनी, इस्पितळाच्या तळघरातल्या गार खोलीत, यंत्रांच्या घुमण्यातून तो पुन्हा कानी आला. आईला जाऊन दोन महिने होत आले होते. बाबांना ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

फोन वाजला. वरच्या वॉर्डातली सिस्टर होती.

"ताई, आज ह्या कंप्युटरला झालंय काय? पेशंटचा ताप लिहावा, तर चक्र फिरतंय आपलं गरगर. ते थांबेस्तोवर ताप उतरायचा."

"जुनं उघडायला पण वेळ लागतोय?"

"छे. जुनं झटकन दिसतं. नवीन लिहायला गेलं की अडतं."

"बघते," ती म्हणाली. बघण्यासारखं काही नव्हतं. तिला ठाऊक होतं.

इस्पितळात दिसणारी निम्मी मशीनं मुळी मशीनं नव्हतीच. प्रयोगशाळेचं, औषधांचं, एक्स-रेचं, अशी सगळी आभासी बिऱ्हाडं मोजक्या संगणकांत थाटलेली. जो तो समजे, आपलं घर वेगळं, आपली जागा आपली. खाली मात्र साऱ्यांचा साठा एकच. तो ती सांभाळी, म्हणून सगळे तिला कोठीताई म्हणत.

दुपारी साहेब जिना उतरून आले. "किती भरलंय?"

"चौऱ्याण्णव टक्के."

"मग थोडी तरी जागा आहे की. अडतंय कुठे?"

"आहे, पण विखुरलेली. इथे वीतभर, तिथे टीचभर. नवीन लिहायला साठ्याला सलग कोरी जागा लागते. मिळाली की सरसर लिहितो. नाही मिळाली तर आधी जुनं उचलायचं, दुसरीकडे नेऊन ठेवायचं, तेवढा पट्टा कोरा करायचा, मग लिहायचं. एका नोंदीपायी चार हेलपाटे."

"माझ्या टेबलासारखंच," साहेब म्हणाले. "सही करायला आधी फायली जमिनीवर." ते हसले, मग हसणं आवरून म्हणाले, "नव्या डिस्कांसाठी भांडतोय मी वर. पण तोवर काहीतरी कर. आयसीयूतून पण फोन आला."

ते जिना चढत होते तेवढ्यात एक्स-रेवाला आत डोकावला. जाडजूड, गडगडाटी माणूस. "काय कोठीताई, मी इमानदारीत जुनी चित्रं पुसली हां. माझ्याकडे अर्धं रान मोकळं. आणि तुमचा काटा तिथल्या तिथे? माझ्या वजनासारखा?"

"तुमच्याकडे मोकळं झालं. खाली नाही झालं."

"हे काय आता?"

"तुम्ही पुसलंत ते तुमच्या मशीनला कळलं. साठ्याला कुणी कळवलंच नाही. त्याच्या लेखी ते सगळं अजून आहे. तो जागा धरून बसलाय."

एक्स-रेवाल्याने कपाळावर हात मारला. "अरेरे. नसलेल्याची राखण करतोय म्हणा की." मग दारातून जाता जाता म्हणाला, "मग सांगून टाका ना त्याला. कशाला बिचाऱ्याला ताटकळत ठेवताय?"

तो गेला. ती पडद्याकडे बघत राहिली.

सांगायचं ती किती दिवस पुढे ढकलत होती. पुसलेल्याची जागा सोड म्हणून हुकूम दिला की साठा सगळा पसारा चाळू लागतो, आणि तेवढा वेळ आधीच दमलेलं काम आणखी मंदावतं. त्या ओझ्याखाली पार अडकून पडलं तर? म्हणून आज नको, उद्या बघू.

बाबांचंही तसंच होत गेलं. ह्याच इस्पितळात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर आई ताप येऊन गेली. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात धक्का नको. परदेशातला दादा म्हणाला, "थोडं सावरू दे त्यांना." मग मावशीचा पाय मोडला, आई तिच्याकडे गेली, तिकडे फोन लागत नाही, असं एकावर एक रचत गेलं. बाबा आधी रोज विचारत. हल्ली विचारत नव्हते. पलंगाच्या एका कडेला अंग चोरून झोपत, आणि उरलेला अर्धा पलंग तसाच, उशीसकट, चादरीला सुरकुतीही न पडू देता राखत.

तिने सिस्टरला फोन लावला. "थोडा वेळ अजून हळू चालेल. आयसीयूला पण सांगा, तेवढं कागदावर लिहा. नंतर सुटेल."

"नक्की सुटेल ना, ताई?"

"सुटायला हवं."

तिने हुकूम दिला. आलेख उंच चढला, चढतच राहिला. तिने हात मांडीवर घट्ट धरले. मग काटा एका टक्क्याने उतरला. थांबला. पुन्हा उतरला. उन्हं कलली तेव्हा सिस्टरचाच फोन आला. "अहो, बोट उचलायच्या आत लिहून होतंय. काय केलंत?"

"काही नाही. सांगितलं त्याला."

घरी आली तेव्हा खिडकीत उजेड होता. बाबा पलंगाच्या कडेला बसून चहाचा कप दोन्ही हातांत धरून होते.

"आज लवकर?"

"हो." ती खुर्ची ओढायला गेली, ओढली नाही. पलंगाला वळसा घालून आईच्या बाजूला जाऊन बसली. चादर चुरगळली.

"तिथे..." बाबा म्हणाले, आणि थांबले. ती उठली नाही.

"बाबा, मावशीचा पाय मोडला नव्हता."

बाबांनी कप जपून खाली ठेवला. बराच वेळ त्यांचा हात चादरीवरून फिरत राहिला, तिने पाडलेल्या सुरकुतीपर्यंत येऊन थांबला.

"इस्पितळातच होती?"

"तुमच्या वरच्या मजल्यावर."

"तू होतीस जवळ?"

"होते."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. बाबांचा श्वास जड झाला, आणि ती मोजत असल्यासारखी ऐकत राहिली. तो अडला नाही.

"काही बोलली?"

दोन महिने ती हे एकटीच घेऊन फिरत होती. दादालाही सांगितलं नव्हतं.

"म्हणाली, 'ह्यांना जेवायला दिलंस का गं?'"