वसुमतीचं अळणी व्रत

मंगळवारची संध्याकाळ झाली की बेंगळुरातल्या बसवनगुडीत हयवदनच्या दारात चपलांचा असा ढीग पडायचा की शेजाऱ्याला स्वतःच्या घरात शिरायची पंचाईत. ओट्यावर माणसं, पडवीत माणसं, नारळाखाली माणसं. कुणी यशवंतपूरहून आलेलं, कुणी मल्लेश्वरमहून. सगळ्यांना एकच गोष्ट पाहायची असे. हयवदनची बायको वसुमती मरते कशी आणि परत उठते कशी.

ती मरायचीही अगदी वेळेवर. आरतीला तिला देवीसमोर उभं करत, हातात तबक देत. दोन-तीन कडवी होतात न होतात तोच तिचे डोळे फिरत. तबक कुणीतरी झेलायचं, तिला मात्र झेलायचं कुणाला सुचत नसे. टाळ थांबत आणि मग पिवळ्या शालीतला तीर्थप्पा सावकाश उठे.

तीर्थप्पाचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. तो दोन भांडी बाळगायचा. सगळ्या भक्तांना तीर्थ द्यायला तांब्याची कळशी, आणि एक चोचीची चांदीची गिंडी, ती फक्त वसुमतीसाठी. तो तिला सपाट निजवायला लावी, पायांखाली उशी ठेववी, आणि ओठ हलू लागले की गिंडीतलं तीर्थ घोट घोट पाजी. वसुमती डोळे उघडी, लोक लोटांगण घालीत.

"आधी रंग, मग अंग," तीर्थप्पा खर्जात सांगे. "ही मुलगी गोरी होती की नाही? मग काळी का झाली? काळीमाता येतेय म्हणून काळी झाली. स्वल्प थांबा. नवरात्रात हिला माझ्या मठात बसवतो. नऊ दिवस अन्न नाही, मीठ नाही. देवी पूर्ण उतरेल."

या हिशेबाने बसवनगुडीतल्या यच्चयावत म्हशी केव्हाच देवी व्हायला हव्या होत्या, असं अनुसूयेच्या मनात आलं. अनुसूया ही वसुमतीची थोरली बहीण, मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. मनात आलेलं बोलून टाकायची तिला खोड होती, पण धाकट्या बहिणीच्या सासरी माणूस जरा जीभ आवरतो. तिने आवरली. वसुमतीच्या मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. नऊ दिवस उपाशी ठेवलं तर देवी उतरो न उतरो, वसू हातची जाणार हे तिला दिसत होतं.

हयवदन काही अडाणी नव्हता. सचिवालयात नोकरीला होता, रोज इंग्रजी पेपर वाचायचा. पण त्याच्याकडे एक अनुभव होता, आणि अनुभवापुढे वाद घालणं फार कठीण. वर्षभरापूर्वी वसुमती सुस्तावली. थंडी वाजायची, आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. हयवदनने तिला एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने गळा चाचपला, थायरॉइड मंदावलंय म्हणाला, गोळ्या दिल्या. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत ती उलट्यांनी बेजार झाली, उठून उभी राहिली की पडू लागली. हयवदनने गोळ्या विहिरीत फेकल्या. त्या थांबल्यावर ती थोडी सावरली. त्या दिवसापासून डॉक्टर म्हटलं की त्याचं डोकं फिरे.

मग तीर्थप्पा आला. त्याला बोलावलं होतं हयवदनच्या आईने, लोणच्याच्या बरणीपायी.

हे घर जुन्या देशस्थांचं, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेलं. मराठी बोलतील त्यात निम्मं कानडी, पण मडी, म्हणजे सोवळं, त्यात मात्र काडीची सूट नाही. लोणच्याच्या बरणीला मडीत नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही. आणि इथे बरणीतला खार रोज कमी होत होता. सासूबाईंनी पाळत ठेवली. वसुमतीच बोटाने खार चाटत होती, ओवळ्यात, सैपाकघरातलं खडेमीठसुद्धा तोंडात टाकत होती. घरंदाज सून असं करते म्हणजे बाहेरचं काहीतरी लागलंय, असं सासूबाईंनी ठरवलं आणि सगळी हकिगत तीर्थप्पाच्या कानावर घातली. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि देवीला मीठ वर्ज्य असल्याचं जाहीर केलं. घर मंगळवारी अळणी जेवू लागलं, वसुमती रोजच. बरणीला कुलूप लागलं. जेवताना केळीच्या पानावर सगळ्यांत आधी मीठ वाढतात, वसुमतीच्या पानाचा तो कोपरा रिकामा राहू लागला.

त्या मंगळवारी गर्दी पांगल्यावर अनुसूया बहिणीपाशी बसली. हनुवटीवरून ओघळलेलं तीर्थ वाळलं होतं, आणि काळवंडलेल्या कातडीवर एक पांढरी रेघ उमटली होती. तिने बोट ओलं करून रेघेवर फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट. चांगलं खारट.

"वसू, याचं तीर्थ कसं लागतं गं?"

"गोड लागतं अक्का," वसुमती क्षीण आवाजात म्हणाली. "आठवडाभर मी त्याचीच वाट बघते."

अनुसूयेच्या अंगाचा तिळपापड झाला. घरातलं मीठ बंद करायचं आणि तेच मीठ गिंडीतून पाजून चमत्कार दाखवायचा. या माणसाला देवीतलं काही कळत नव्हतं, लोणच्याच्या बरणीतलं मात्र नेमकं कळलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने डॉक्टर सुधींद्र यांना गाठलं. सुधींद्र नुकतेच शिकून परतले होते, बोलायचे कमी आणि विचारायचे जास्त. हिरड्या काळ्या आहेत का? तळहाताच्या रेषा? उभं राहिल्यावर चक्कर येते? मिठाची हाव आहे? अनुसूया प्रत्येकाला हो म्हणत गेली तसे ते खुर्चीत ताठ झाले. तिला आजच्या आज घेऊन या, म्हणाले. अनुसूयेने हयवदनला सांगून पाहिलं. त्याने हात जोडले. अक्का, एका डॉक्टराने तिला जवळजवळ मारलं, दुसऱ्याला ती संधी देणार नाही, एवढंच बोलला. त्याचे डोळे भरले होते, म्हणून अनुसूयेला त्याचा रागही धड करता येईना.

नवरात्राआधीच्या शेवटच्या मंगळवारी सुधींद्र भक्तांच्या रांगेत बसले. पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, लोकांना वाटलं नारळ असेल. आरती सुरू झाली, वसुमती कोसळली, तीर्थप्पा गिंडी घेऊन उठला. तेवढ्यात अनुसूया मध्ये येऊन बसली.

तिने वसुमतीला सपाट निजवलं, पाय उशीवर ठेवले, आणि तीर्थ थोडं थांबू दे म्हणाली. तीर्थप्पा गरजला की देवी कोपेल, मुलगी जाईल. अनुसूया बहिणीचा हात धरून बसून राहिली. सुधींद्रांनी नाडीवर बोट ठेवून, ठीक आहे, अशी मान डोलावली.

वसुमतीने डोळे उघडले. तीर्थावाचून.

पडवीत चुळबुळ झाली. सुधींद्रांनी यंत्र काढून निजलेल्या वसुमतीचा रक्तदाब मोजला, मग तिला जरा बसवून पुन्हा मोजला आणि पटकन निजवलं. मग हयवदनला समजावलं. दाब मुळात कमी, उठलं की आणखी घसरतो, डोक्याला रक्त पोचत नाही, शुद्ध जाते. आडवं केलं की पोचतं, शुद्ध येते. तीर्थप्पा तिला दर मंगळवारी उभी करत होता आणि दर मंगळवारी आडवी करत होता, मधे फक्त टाळ वाजत होते.

"आणि गिंडीत काय असतं?" अनुसूयेने विचारलं.

"गंगा," तीर्थप्पा म्हणाला.

"मग अम्मांना द्या की थोडी," अनुसूयेने सासूबाईंकडे हात केला.

त्याने गिंडी शालीखाली घेतली. ते सासूबाईंना फार लागलं. गंगा, आणि आपल्याला नाही? त्यांनी सरळ हात पुढे केला. सगळ्यांदेखत नाही म्हणणं अवघड होतं. त्याने थेंबभर दिलं. सासूबाई ते डोळ्यांना लावून प्यायल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

"उप्पु," त्या म्हणाल्या. मीठ.

मग तो शब्द पडवीतून ओट्यावर, ओट्यावरून नारळाखाली गेला. सासूबाईंचा आवाज चढला नाही, पण ऐकणाऱ्याला कापरं भरावं असा होता. "आज माझा अळणी मंगळवार. माझं व्रत मोडलंस. आणि माझ्या सुनेला घरात मीठ बंद करून, स्वतः चोरून पाजतोस?"

तीर्थप्पा देवीची लीला वगैरे काहीतरी बोलू लागला, पण त्याचा खर्ज गेला होता. लोक चपला शोधू लागले. त्या ढिगातून त्यालाच त्याच्या वहाणा सापडेनात, तेव्हा तो अनवाणी गेला.

हयवदन तिथेच भिंतीला टेकून बसला. "पण गोळ्यांनीच ती बिघडली होती, डॉक्टर. ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

"खरं पाहिलंत," सुधींद्र म्हणाले. "गळ्यातली ग्रंथी मंदावलीय हे त्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलं. पण मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्याही बंद पडल्यात, हे त्यांना दिसलं नाही. अंगात मीठ धरून ठेवणं, दाब टिकवणं त्यांचं काम. त्या बंद पडल्या की कातडी काळी पडते, हिरड्यासुद्धा. गळ्याच्या गोळीने शरीराची चूल भडकवली, आणि घरात सरपण नव्हतं. म्हणून ती पडली. औषध चुकीचं नव्हतं, क्रम चुकला. आधी कॉर्टिसोन द्यायचं, मग थायरॉइड, तेही थोडं थोडं वाढवत. दोन्ही जन्मभर. ताप आला तर कॉर्टिसोन वाढवायचं, आणि काही झालं तरी आपल्या मनाने बंद करायचं नाही."

हयवदनने टांगा आणला. त्याच रात्री वसुमतीला इस्पितळात सलाइन लागलं. सलाइन म्हणजे काय, असं सासूबाईंनी विचारलं. मिठाचं पाणी, असं अनुसूयेने सांगितलं.

दिवाळीत अनुसूया जेवायला गेली तेव्हा वसुमती स्वतः रांगोळी काढत होती. रंग पुरता निवळला नव्हता, पण हात भरले होते. कॉर्टिसोनची गोळी मडीत चालते का, हा प्रश्न घरात एकदा उठला होता म्हणे. औषधाला कसली मडी, असा निकाल सासूबाईंनीच दिला होता.

हयवदन डोळ्यांनी पाहिलेलं खरं सांगत होता. डॉक्टरच्या गोळीने ती पडली आणि गिंडीतल्या तीर्थाने तिला बरं वाटलं. पाहिलं ते खरंच होतं. असं का झालं, एवढं फक्त त्याने विचारलं नाही, आणि ते विचारणारी बहीण नसती तर वसुमती नवरात्रात देवी होऊन गेली असती. तुमच्याही दारात कुणी तीर्थप्पा येईल. त्याच्या पाया पडायच्या आधी त्याच्या गिंडीत काय आहे ते विचारा, आणि घरातलं माणूस जे मागतंय ते का मागतंय, तेही.

पानं मांडली. तो मंगळवारच होता, आणि सासूबाईंचा स्वतःचा अळणी उपास अजून चालू होता. त्या मडीत आल्या, आपल्या पानाला वळसा घालून वसुमतीच्या पानापाशी वाकल्या, आणि डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढलं. जरा थांबल्या आणि आणखी थोडं वाढलं.