घराबाहेर एक अक्षर नाही

ताईनं लॅपटॉपचं झाकण इतक्या जोरात आपटलं की शेजारच्या कपातला चहा बशीत सांडला. मग राहवेना म्हणून तिनं ते पुन्हा उघडलं. कंपनीचं पत्र तिथंच होतं आणि त्याच्या डोक्यावर एक पिवळा चेहरा दात काढून हसत होता. 'तुमच्या आठवड्याच्या नोंदींचा गोषवारा आम्ही तयार केला आहे! प्रमुख विषय: नवरा, भीती, झोप.'

कुणी मागितला होता यांना गोषवारा? ताई समुपदेशनाचं काम करायची. घराच्या पुढच्या खोलीत माणसं येऊन बसायची आणि सख्ख्या बहिणीलाही जे सांगवत नाही ते सांगायची. ती गेली की ताई त्यांचे शब्द जसेच्या तसे एका बड्या कंपनीच्या फुकट ऑनलाइन वहीत टिपून ठेवायची. नावं मात्र कधी लिहायची नाही, घरातही उच्चारायची नाही. सोमवारचे, मंगळवारची, बुधवारची, अशी वारावरूनच ओळख. त्या माणसांच्या रडण्याचा कुणीतरी हसत हसत गोषवारा काढला होता.

नवरा तर या दिवसाची वाटच बघत होता. छापखान्यातली यंत्रं सांभाळणारा माणूस, कंपन्यांच्या नावानं वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आलेला.

"फुकट ते पौष्टिक म्हणतात ना? घ्या मग," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या दाराला कान लावून पोट भरणारी जात ही. शी!"

त्यानं माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला आणि सुट्टीचे दिवस त्याच्यापुढे मांडी ठोकून बसला. जगभरच्या अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेली, कुणालाही उघडून तपासता येतील अशी सॉफ्टवेअर त्यानं त्यावर चढवली. ताईच्या सगळ्या नोंदी तिथं हलवल्या, त्यांना पासवर्डचं कुलूप घातलं आणि संगणक चपलांच्या कपाटात ठेवून दिला. मग तिच्या फोनवरूनही कंपनीची टपालपेटी, शोध, नकाशे, सगळं हाकललं. नव्या नकाशानं तिला दोनदा भलत्याच गल्लीत नेऊन सोडलं, पण तिनं चकार शब्द काढला नाही.

"कोड सगळ्यांनी बघायचा, माहिती कुणीच नाही," नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आपल्याच वाक्यावर भारी खूश असायचा. ताईलाही त्याचा अभिमान वाटे. खोटं कशाला बोला?

बुधवारची तेव्हा नुकतीच मोकळेपणानं बोलू लागली होती. तिचा नवरा तिच्यावर पाळत ठेवायचा. फोन चाळायचा, पिशव्या उलट्या करायचा, मैत्रिणीशी काय बोललीस ते तोंडावर सांगायचा. ताईकडे येते हे त्याला ठाऊक नव्हतं. जगात तेवढी एकच खोली तिची होती. एकदा ती म्हणाली होती, "तो घरात नसला ना ताई, तरी त्याची खुर्ची माझ्याकडे बघत असते." ताईनं ते वाक्य तसंच टिपून ठेवलं होतं.

आणि एका रात्री जेवताना नवरा छापखान्याच्या साहेबाची नक्कल करत होता. साहेब रजेवर होते. कामगार तरी गप्पच.

"काय सांगू तुला," तो हसत म्हणाला, "माणूस नाही, तरी त्याची खुर्ची बघत असते आमच्याकडे!"

ताईचा घास हातातच राहिला.

"हे कुठं ऐकलंस?"

"काय?"

"खुर्चीचं."

"ऐकतोय कशाला? सुचलं."

ताई काहीच बोलली नाही. समोरच्याला गप्प राहून बोलतं करायचं हा तर तिचा धंदाच होता. नवरा पाणी प्यायला, पुन्हा प्यायला.

"बॅकअप तपासत होतो," तो शेवटी म्हणाला. "नोंदींची दुसरी प्रत ठेवतो ना आपण, ती. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखी. उघडून बघावीच लागते, अक्षरं नीट उमटलीत की नाही ते. कुणालाही विचार."

"अक्षरं बघायला एक पान पुरलं असतं."

"हो. म्हणजे पहिल्यांदा एकच बघितलं."

"मग?"

तो ताटात बोटानं रेघा ओढत राहिला. "मग पुढं काय झालं ते कळेना. ती माहेरी गेली की नाही, ते. तू तिथंच थांबवलं होतंस. म्हणून पुढच्या आठवड्याचं बघितलं."

मालिका बघतात तसं. दर आठवड्याला, पुढच्या भागाची वाट बघत. ताईला शिसारी आली. त्याच्या बोटांकडे बघवेना, त्या बोटांना लागलेल्या अन्नाकडे बघवेना.

"अगं, मी कुणाला सांगितलं का?" त्याचा आवाज चढला. "घराबाहेर एक अक्षर गेलेलं नाही! ते कंपनीवाले—"

"ती माहेरी गेली की नाही, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं."

"तेच म्हणतोय मी! मला होतं. वाईट वाटलं मला तिच्यासाठी."

त्याला खरंच वाईट वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. किळस आली ती त्या वाईट वाटण्याचीच. ताईनं मान खाली घातली आणि ताटातलं सगळं संपवलं.

सकाळी तो कामावर गेल्यावर ती चपलांच्या कपाटापुढे बसली. त्या सॉफ्टवेअरचं मदतीचं पान कुणा अनोळखी माणसांनी फार आस्थेनं लिहिलं होतं. तिच्यासारख्या अडाण्यालाही समजेल असं. अडखळत, चुकत तिनं कुलूप बदललं. दुसरी प्रतही नव्या कुलपात घातली. हे इतकं सोपं होतं आणि आपण त्याच्यावर सोडून बसलो, म्हणून तिला स्वतःचाही राग आला. वाचलेलं न वाचलेलं करायची कळ मात्र त्या पानावर नव्हती.

बुधवार उजाडला. न सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर ती बाई उठून जाणार, आणि जगातली तिची एकुलती एक खोलीही जाणार. ताईनं नेहमीप्रमाणे पाण्याचा ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला, आणि तिनं तोंड उघडायच्या आत म्हणाली,

"तुम्ही इथं बोललेलं माझ्या नवऱ्यानं वाचलंय. माझ्या नोंदींमधून. आता त्याला वाचता येणार नाही, पण आधीचं वाचलंय. तुम्हाला इथून पुढं यायचं नसेल, तर मला समजेल. हेच काम करणाऱ्या दुसऱ्या चांगल्या बाईंचं नाव देईन."

बुधवारचीनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. तिनं दाराकडे बघितलं.

"त्यांनी स्वतः सांगितलं?"

"नाही. जेवताना बोलून गेला. तुमचेच शब्द."

"जेवतानाच बोलतात," ती म्हणाली. मग पर्स हळूच खाली जमिनीवर ठेवली. "तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. ताट संपवून उठले."

बुधवारचीनं मान हलवली. आपल्यापुढचा पाण्याचा ग्लास तिनं उचलला आणि ताईच्या पुढ्यात ठेवला.

"पहिल्यांदा तसंच होतं," ती म्हणाली.