देवावरचा आळ

"पंप देवाजवळ नको ठेवू गो ताई, हाताशी ठेव. तुझा देव उठंपर्यंत मी जायचो."

दोन बोटांत कापूस घेऊन वात वळता वळता चंद्रकलेला पुन्हा कमळाकरचं ते बोलणं ऐकू आलं आणि तिची नजर देव्हाऱ्याच्या कोपऱ्यातल्या, दम्याच्या निळ्या पंपावर गेली. टोपणाला तिच्याच हळदीचं बोट लागलेलं, तोंडापाशी कमळाकरच्या दाताचा बारीक चरा... दम लागला की तो आधी पंप कानाशी नेऊन खुळखुळवायचा आणि मग, भाऊबीजेच्या पाटावर बसलेला असला तरी, भिंतीकडे तोंड करून ओढायचा. ओवाळायच्या वेळी भावाने अशी पाठ फिरवलेली तिला आवडत नसे. आता वाटतं, फिरव बाबा, हवी तेवढी फिरव – पण श्वास घे.

फोन वाजला. दिवा अजून लागला नव्हता.

अंघोळीपासून दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही, हे तिचं लग्नाआधीपासूनचं व्रत. किन्हवलीतल्या शेजारणींना ते ठाऊक होतं, आणि भावाच्या मृत्यूचं प्रकरण लढवणाऱ्या शहापूरच्या रुचिता वकिलांनाही. तिने फोन नुसता कानाला लावला.

"ताई, रुचिता. बोलू नका, माहितीये मला. ऐकताय ना, तर घंटा वाजवा."

तिने पितळी घंटा उचलून हलवली.

"कमळाकरभाऊंच्या मृत्यूची चौकशी संपली. मॅजिस्ट्रेटसाहेबांचा अहवाल आलाय. बाहेरच्या डॉक्टरांनी स्पष्ट म्हटलंय – दमा होता, पण वेळेवर पंप आणि ऑक्सिजन मिळाला असता तर माणूस वाचला असता. साहेबांनी ते मान्य केलंय. नैसर्गिक मृत्यू म्हणून हे मिटवता येणार नाही, त्या रात्री ड्युटीवर कोण होतं त्यांची जबाबदारी ठरवा, असं लिहिलंय... ताई? अहो, घंटा?"

घंटा हातातच राहिली होती.

नैसर्गिक. बांधावरच्या मारामारीत नाव आलेला, जामिनाची तारीख पुढे पुढे जात तुरुंगात राहिलेला तिचा भाऊ शववाहिकेतून परत आला, तेव्हा त्याच्याबरोबर तो शब्दही आला होता. पुरुष माना हलवत होते, आणि तिच्या सासूने, सकुबाईने, तिला जवळ घेऊन त्याचाच अर्थ सांगितला होता, "देवाची मर्जी, बाय." म्हातारीने मायेनेच म्हटलं होतं. पण ते चंद्रकलेच्या घशातून खाली उतरेना. रडणं उतरलं, भूक हळूहळू परतली, ते मात्र तिथेच – मी रोज ज्याच्यापुढे हात जोडते तो काय रात्री दार लावून बसणारा आहे? माणूस श्वासासाठी तडफडत असताना 'सकाळी बघू' म्हणणारा? मग मी इतकी वर्षं कोणापुढे गप्प बसतेय?

पंप घेऊन ती स्वतः तुरुंगाच्या दारापर्यंत गेली होती. 'बाहेरचं औषध चालत नाही, आत डॉक्टर आहे,' असं म्हणून तिला परत पाठवलेलं. ते दार काही देवाने लावलं नव्हतं. म्हणून तर ती वकिलांकडे गेली आणि, सगळ्यांना वाटलं तसं, कुणाला शिक्षा व्हावी म्हणून नाही... थोडं तेही असेल, खोटं कशाला बोलायचं... पण पहिलं हे, की देवाच्या नावावर घातलेला आळ उतरवायचा. कोठडीतला माणूस कशानेही गेला तरी चौकशी तुरुंगाबाहेरच्या माणसाने करायची, असा कायदाच आहे, हे रुचिताने सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, ज्याने हे लिहिलं त्याला आळ म्हणजे काय ते कळत असणार.

आणि कोंडू. कमळाकरच्या शेजारी झोपणारा, मुरबाडकडचा, चोरीत धरलेला पोरगा. चौकशीत पोलिसांच्या मध्ये उभा राहून मॅजिस्ट्रेटसाहेबांना म्हणाला, "मी ताट वाजवत व्हतो, गजांवर. रातभर. 'झोप रे' म्हणाले. कोन नाय आलं." ताट वाजवत होता... देवापुढे तरी आपण घंटा कशासाठी वाजवतो? बाहेर पडताना ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली, तेव्हा तोच हळूच बोलला, "माज्या आयला भेटाल? तिनं मला टाकलाय. पन आता नको ताय, निकाल लागल्यावर. तुमची न् आमची वळख निघाली, तर साक्ष शिकवलेली म्हंतील." जाईन, असं ती म्हणाली होती. दिवा लागल्यानंतरचा शब्द होता तो, पाळायचाच.

तिने घंटा वाजवली. एकदा, आणि मग थांबताच येईना.

"ताई, कळलं, कळलं," पलीकडून रुचिता हसत होती, बहुधा रडतही. "पुढे अजून बरंच आहे. पण हे जिंकलो आपण."

फोन ठेवून तिने वात तेलात भिजवली. घाई केली नाही. दिवा घाईने लावायचा नाही, हाही त्यातलाच नियम. ज्योत उभी राहिली, देवाच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि किती दिवसांनी तिला त्याच्याकडे सरळ बघता आलं.

"काय झाला गो? यवढी घंटा?" सकुबाई दारात होती.

"आई, देवाने नाय मारला त्याला."

म्हातारीने दिव्याला हात जोडले. मग पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "मी कवा म्हनले तसा?"

चंद्रकलेला हसू आलं. कमळाकर गेल्यानंतरचं, या घरातलं, पहिलं.

"मी मुरबाडला जाऊन येते."

"आज? उपाशी? कोनाकडं?"

"एका आईकडे. तिच्या पोराने रात्रभर ताट वाजवलं, ते तिला कुणी सांगितलं नसेल."

सकुबाईने पदर खोचला. आत जाऊन तिने राजगिऱ्याचे लाडू कागदात बांधून आणले, "दोन वाटे कर त्याचे, तिला बी दे," आणि ती चुलीकडे वळली.

चंद्रकलेने देव्हाऱ्यातला पंप उचलला, कानाशी नेऊन खुळखुळवला. तळाशी अजून काहीतरी होतं. तिने तो पिशवीत टाकला नाही, मुठीतच धरला – हाताशी – आणि पायात चपला सरकवून एसटीच्या थांब्याकडे निघाली. त्या बाईने दार उघडलंच नाही तर... तर वाजवायचं. भाताच्या खाचरांवरून वारा येत होता. तिने छाती भरून तो आत घेतला, आणि सावकाश, कुणालाच घाई नसल्यासारखा, सोडला.