पासष्ट हजार पाचशे छत्तिसावी ओळ

ताईंची बदली झाली, आणि ती माझ्यामुळे झाली.

हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. चौकशी चालू आहे, आणि ती संपेपर्यंत ताईंची बदली झालेली नाही, अशी कार्यालयाची अधिकृत भूमिका आहे. ताई गेले दोन महिने त्या दुसऱ्या गावात रोज कामावर जातात, हजेरीपटावर सही करतात, तिथल्या पंख्याबद्दल तक्रारही करून झाली. पण त्या तिथे गेलेल्या नाहीत. आपणही तसंच धरून चालू आणि पहिल्यापासून बघू.

आमचं कार्यालय वजनमापांचं. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, चूक असले तरी आधी चहा घ्यायचा आणि मग दंडाचा कागद काढायचा. आम्ही चौघं. साहेब, शिपाईकाका, टंकलेखनाच्या टेबलावर ताई, आणि मी कनिष्ठ लिपिक. माझ्याहून कनिष्ठ फक्त दाराशी ठेवलेलं पायपुसणं, आणि तेही माझ्याआधी तीन वर्षं रुजू झालंय.

नोकरीच्या अर्जात मी 'संगणकाचे सखोल ज्ञान' असं लिहिलं होतं. जागा रिकामी दिसली म्हणून लिहिलं. त्या ओळीमुळे कार्यालयातला एकुलता एक संगणक माझ्या गळ्यात पडला. त्यातलं ऑफिसचं सॉफ्टवेअर ज्या वर्षी घेतलं, त्या वर्षी मी तिसरीत होतो. दोघांचीही वाढ त्यानंतर फारशी झालेली नाही.

आता ताईंचं सांगतो. त्यांचा नवरा इथून बसने नऊ तासांवर, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. एकाआड एक शनिवारी येतो, रविवारी जातो. मुलगी पाच वर्षांची. बाबा आला की ती त्याचा हात धरून त्याला घर दाखवते. "हे स्वयंपाकघर. इथे पाणी पितात. हे बाथरूम, दिवा बाहेरून लागतो." तो बिचारा दर वेळी "अरे वा, छान आहे हं!" म्हणतो. ताई हे हसत हसत सांगायच्या आणि सांगून झालं की बराच वेळ जोरजोरात टाइप करायच्या.

बदल्या तीन वर्षांतून एकदाच होतात. मागच्या दोन्ही खेपा ताईंच्या हुकल्या होत्या. पहिल्यांदा तिकडे जागा नव्हती, दुसऱ्यांदा जागा होती पण अर्ज पोहोचायला उशीर झाला. ही तिसरी खेप.

पद्धत अशी. सगळ्या खात्यांची मिळून एकच यादी. स्प्रेडशीटची एक फाईल, तिच्यात मथळ्याच्या ओळीखाली एकाहत्तर हजार आठशे चाळीस नावं, कार्यालयाच्या क्रमांकानुसार लावलेली. प्रत्येक कार्यालयाने आपापल्या माणसांसमोर 'इच्छित ठिकाण' भरायचं आणि तीच फाईल पुढच्या कार्यालयाकडे सरकवायची. ज्याच्यासमोरची जागा कोरी राहील, तो 'कुठेही जाण्यास तयार' समजला जाईल. आमचा क्रमांक सगळ्यांत शेवटचा. आमच्यानंतर फाईल थेट मुख्य कार्यालयात, आणि आमच्याकडून जे जाईल तेच अंतिम.

फाईल आली शेवटच्या दिवशी, दुपारी अडीच वाजता. मुदत पाचची.

मी तिच्यावर दोनदा टिचकी मारली. संगणकाने थोडा विचार केला आणि कळवलं की ही फाईल नव्या आवृत्तीत बनवलेली असून ती आपल्या झेपण्यातली नाही.

"काय म्हणतोय?" ताईंनी खुर्ची सरकवत विचारलं.

"काही नाही ताई. थोडं स्वरूपाचं आहे."

"कसलं स्वरूप? उघडतेय ना?"

"उघडेल की. सखोल ज्ञान आहे ना मला."

नव्या फाईलच्या नावाच्या शेवटी एक 'एक्स' जास्तीचा असतो, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे तो काढला की झाली जुनी. मी तो खोडला. दारावरची पाटी बदलली की आतला भाडेकरू बदलेल, अशी माझी समजूत होती. फाईल उघडली. पडद्यावर चौकोन, बदाम, उलटी प्रश्नचिन्हं आणि मध्येच एक एकटंच टिंब.

शिपाईकाका चहा ठेवता ठेवता वाकले. "शास्त्रज्ञ, ही कुठल्या खात्याची यादी?"

"काका, जरा थांबा."

"नाही, बदाम आहेत म्हणून विचारलं. विवाह नोंदणीची दिसतेय."

मी 'एक्स' परत जागेवर ठेवला. मग फाईल माझ्या फोनवर घेतली. फोनने पहिली चाळीस नावं दाखवली, तापला आणि बंद पडला. आमच्या आधीच्या कार्यालयाला फोन लावला, तर तिथला लिपिक फाईल पुढे सरकवल्याच्या आनंदात अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला होता. शेवटी मुख्य कार्यालयाचा संगणक कक्ष.

"नवी आवृत्ती घ्या," तिकडचा माणूस म्हणाला.

"ती मागून चार वर्षं झाली. तोवर जुन्या स्वरूपात पाठवता का?"

"पाठवतो की. त्यासाठी विहित नमुन्यात अर्ज लागेल. नमुना तुम्हाला आत्ताच मेल केलाय."

नमुना आला. तोही नव्या आवृत्तीत. जुन्या स्वरूपात फाईल मागण्याचा अर्जच उघडत नव्हता. मी परत फोन लावला तर तो म्हणाला, "मग उघडत नसल्याबद्दल वेगळा नमुना आहे, तो पाठवू?" मी नको म्हटलं.

साडेतीन झाले. ताईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला होता, त्यावर नवऱ्याच्या गावातल्या कार्यालयाचा क्रमांक लिहिलेला. कागदाच्या घड्या इतक्या झिजल्या होत्या की तो आता चार कागद व्हायच्या बेतात होता.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "तू काय करणार? तीन वर्षांनी परत येतेच की यादी."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडण्यावर माझ्याकडे उत्तरं तयार असतात.

मग मला आठवलं. माझ्याआधीच्या लिपिकाने जुन्या सॉफ्टवेअरला नव्या फाईली वाचायला शिकवणारी एक जोडणी कुठूनशी मिळवली होती आणि तिची सीडी, म्हणजे तबकडी, करून ठेवली होती. "काका, जुन्या लिपिकाच्या तबकड्या कुठे आहेत?"

"कामावर आहेत," काका म्हणाले.

त्या खिडकीत दोऱ्याला टांगलेल्या होत्या. कबुतरं येऊ नयेत म्हणून. सहाच्या सहा, वाऱ्यावर गरागरा फिरत, उन्हात लखलखत. कबुतरं त्यांच्या शेजारी बसून केस विंचरल्यासारखी पिसं नीट करत होती. मी टेबलावर चढलो, एकेक तबकडी उतरवली, त्यावरचा कबुतरांचा अभिप्राय साबणाने धुतला. पाचव्या तबकडीवर पेनाने लिहिलेलं सापडलं, 'नवीन फाइल उघडणे. जपून ठेवणे.'

जोडणी बसली. चार वाजून दहा मिनिटांनी फाईल उघडली. नावं, हुद्दे, क्रमांक, सगळं मराठीत. काकांनी टाळ्या वाजवल्या. ताई उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मधे एक छोटी चौकट आली होती, 'फाईल पूर्णपणे लोड झालेली नाही.' मी 'ठीक आहे' दाबलं. संगणकाचे इशारे मी वाचत नाही, दाबतो. आणि पूर्णपणे असं आयुष्यात काय होतं, असा एक विचारही मी त्या क्षणी केला. तो विचार आता चौकशी समितीच्या नोंदीत आहे.

"माझं नाव शोध," ताई म्हणाल्या.

शोधलं. सापडलं नाही. आडनावाने शोधलं, नाही. आमच्या कार्यालयाचा क्रमांक शोधला, तोही नाही. यादीच्या तळाशी गेलो. शेवटची ओळ पासष्ट हजार पाचशे छत्तीस. त्यानंतर राखाडी रंग आणि शांतता. जुन्या सॉफ्टवेअरला तेवढ्याच ओळी येतात. त्यापुढच्या माणसांना त्याने नम्रपणे वगळलं होतं.

आवाज ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय झालं?"

"साहेब, आपण यादीत नाही."

"आपण म्हणजे?"

"म्हणजे आपलं कार्यालय. तुम्हीसुद्धा."

"सव्वीस वर्षं सेवा झाली माझी! मी नाही म्हणजे काय? नीट बघ, चष्म्याने बघ!"

"मी चष्मा लावत नाही साहेब."

"मग माझा घे!"

तेवढ्यात माझ्या डोक्यात ती कल्पना आली. यादीला एकही ओळ वाढवता येत नव्हती, पण वरून एक माणूस काढला तर खाली एक ओळ रिकामी होत होती. हे मी मोठ्याने बोलून दाखवलं.

"कोणाला काढणार?" ताई घाबरून म्हणाल्या. "कोणाचं तरी घर असेल रे त्या ओळीवर."

"नोकरीत नसलेलं कोणी तरी आठवा."

ताईंना आठवलं. एक जुने निरीक्षक, तीन वर्षांपूर्वी वारले. नाव टाकलं तर यादीत हजर. एवढंच नाही, त्यांच्या कार्यालयाने त्यांच्यासमोर इच्छाही भरली होती, 'आहे त्याच ठिकाणी राहण्यास इच्छुक'. मग मी ती ओळ काढली आणि तळाशी ताईंचं नाव टाकलं.

"आणि मी?" साहेब म्हणाले. "आणि माझं नाव हिच्या वर पाहिजे. ज्येष्ठता आहे काही."

साहेबांसाठी एक निवृत्त गृहस्थ सापडले. ते आता पाखरांच्या दाण्याचं दुकान चालवतात, त्यांच्या काट्यावर मीच शिक्का मारलाय. "मला बदली नको, पण नाव पाहिजे," काका म्हणाले. काकांसाठी एक बाई सापडल्या ज्या यादीत दोनदा होत्या. त्यांचं एक नाव ठेवलं. काकांची नोकरी ताईंपेक्षा जुनी, म्हणून तेही वर. ताई शेवटच्या ओळीत, पासष्ट हजार पाचशे छत्तीस. त्यांच्यासमोर मी तो झिजलेला कागद बघून क्रमांक टाकला, त्यांनी तो तीनदा वाचून घेतला आणि मान हलवली.

चार वाजून बावन्न मिनिटांनी मी जतन करायला गेलो. परत चौकट, 'या स्वरूपात जतन केल्यास काही माहिती कायमची गमावली जाईल. पुढे जायचं?' मी दाबलं. चार अठ्ठावन्नला फाईल गेली. साहेबांनी स्वतःच्या हाताने माझी पाठ थोपटली. सेवापुस्तकात याची नोंद नाही.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की कार्यालयात आम्ही चौघं आहोत आणि मी तीन ओळी भरल्या.

बाराव्या दिवशी आदेश निघाले. ताईंची बदली, मागितलेल्या जागी. त्या रडल्या, साहेब खाकरले, काका खिडकीकडे बघत बसले. ताईंनी माझा कान पिळला आणि सामान बांधायला निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. नव्या घरात पहिल्या दिवशी मुलीने बाबाला घर दाखवायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "मला माहिती आहे गं, मीच शोधलंय." त्यावर ती चिडली आणि दिवसभर बोलली नाही. ताई हे सांगताना टाइप करत नव्हत्या.

इकडे मात्र सहा हजार तीनशे दोन माणसं सरकारदरबारी नाहीशी झाली होती, मी धरून. एका कार्यालयात सगळे कर्मचारी हजर असताना त्यांच्याच टेबलांचा लिलाव पुकारला गेला. दोघांनी तर बोली लावून स्वतःची खुर्ची सोडवून आणली. मग समिती बसली. आधीच्या कार्यालयाकडची प्रत सापडली आहे, आणि तिच्यात ताईंसमोरची जागा कोरी आहे. ती प्रत खरी ठरली तर ताई 'कुठेही जाण्यास तयार'. माझी प्रत खरी ठरली तर त्या आहेत तिथे आहेत.

समितीने मला कारणे दाखवा नोटीस काढली. ती परत गेली, कारण या नावाचा कर्मचारी यादीत आढळत नाही. मी संगणक कक्षात फोन केला.

"मला यादीत घ्या हो. मला माझा गुन्हा कबूल करायचाय."

"यादीत जागा नाही," तोच माणूस म्हणाला. "तुम्ही जुन्या स्वरूपात पाठवलीत, सगळ्या ओळी भरल्यात. आणि अहवाल येईपर्यंत स्वरूप बदलायला मनाई आहे. फक्त एका नावाच्या जागी दुसरं टाकता येतं."

"कोणाच्या जागी?"

"नियमाप्रमाणे शेवटच्या ओळीवरच्या."

त्या ओळीवर ताई आहेत. म्हणून मी आज लेखी अर्ज केला आहे. साध्या कागदावर, पेनाने, म्हणजे कोणत्याही आवृत्तीत उघडेल. तो असा:

'मा. अध्यक्ष, चौकशी समिती यांसी. महोदय, निम्नस्वाक्षरीकार हा यादीत नसलेला कनिष्ठ लिपिक असून घडल्या प्रकारास तो एकटाच जबाबदार आहे. तरी त्याचे नाव यादीत समाविष्ट करून त्यास विनाविलंब व रीतसर निलंबित करण्यात यावे, आणि त्याकामी लागणारी एक ओळ शेवटून न घेता अन्य कोठूनही, शक्य झाल्यास माननीय अध्यक्ष महोदयांच्या स्वतःच्या नावाची, उपलब्ध करून देण्यात यावी, ही नम्र विनंती.'