सुमतीबाईंचा सूर

सदर भागातल्या मराठी चर्चचं भजनमंडळ सात वर्षं पेटीच्या काळी चारच्या सुरात गात होतं आणि सात वर्षं त्याबद्दल कुरकुरत होतं. हा सूर उंच गळ्याच्या बाईचा. त्यात पुरुषांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. तबल्यावरचा देवाजी तर तोंडावर म्हणायचा, "मास्तर, एक पट्टी उतरवा ना जी. आमचे गळे का भाड्यानं आणले आहेत?" पेटीवर बसलेले मार्तंड मास्तर चष्मा पुसत म्हणायचे, "रियाज करा. आपोआप चढते."

मास्तर मंडळाचे प्रमुख. शाळेतून निवृत्त झाले होते, पण हातातली छडी काही सुटली नव्हती. तरी काळी चारचं कारण शिस्त नव्हतं. तो सुमतीबाईंचा सूर होता. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवावं, तसा मास्तरांनी तो राखून ठेवला होता.

सुमतीबाई दवाखान्यात नर्स होत्या आणि मंडळात त्यांच्यासारखा गळा दुसरा नव्हता. पण १९६८च्या नाताळात भरल्या चर्चमध्ये मास्तरांना गीताची पहिली ओळच आठवेना. नियम त्यांचाच होता: पहिली ओळ प्रमुखानं गायची, बाकीच्यांनी मागून उचलायची. पेटी नुसतीच वाजत राहिली. तेव्हा सुमतीबाईंनी ती ओळ अलगद उचलली. मास्तरांनी काय करावं? पेटी थांबवली आणि म्हणाले, "एवढी घाई काहून, सुमतीबाई? पहिली ओळ कोणाची असते?" लोक हसले. आपली लाज झाकायला भल्या माणसानं दुसऱ्याची उघडी पाडली.

पुढच्या रविवारपासून बाई शेवटच्या बाकावर बसू लागल्या. मास्तर ओळ विसरले होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांनी ते कोणापाशी काढलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या, तर मास्तरांना सुखाची झोप लागली असती.

दर रविवारी मास्तर पेटीवरून त्यांच्या ओठांकडे पाहायचे. ते हलत नसत. तीनदा मास्तर त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. एकदा तर संत्र्यांची पिशवी घेऊन गेले होते. ती संत्री घरी येऊन एकट्यानंच खाल्ली. गल्लीतून कोणी गुणगुणत गेलं, तरी म्हातारा खिडकीशी धावायचा. एका आवाजाची माणसाला इतकी ओढ लागावी, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटे.

मग १९७६चा ईस्टर आला. त्या पहाटे उपासना कबरस्तानात होते. जो तो आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावतो आणि तिथूनच गातो. सुमतीबाई नवऱ्याच्या, मुकुंदच्या, कबरीशी उभ्या होत्या. मंडळ बसलं होतं त्या कडुनिंबापासून दहा पावलांवर.

पाळकांनी खूण केली. मास्तरांनी सूर धरला, पण तोंड उघडलं नाही. आणि मास्तरांनी ओळ घेतल्याशिवाय गायची मंडळात कोणाची छाती नव्हती. सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"काहून थांबले जी?" देवाजी कुजबुजला.

मास्तर उठून उभे राहिले. "सात वर्षांआधी नाताळात मी ओळ भुललो होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सुमतीबाईनं मले सावरलं, अन् मीच त्याईले चारचौघांत मान खाली घालाले लावली. चूक माझी होती. बाई, माफ करा. आज पहिली ओळ तुमची. गावीशी वाटली तर."

ते बसले आणि त्यांनी पुन्हा काळी चार धरली. बाईंनी विझू पाहणारी मेणबत्ती हाताच्या आडोशानं सावरली. पेटीचा भाता हलत राहिला.

"मास्तर," शेवटी त्या म्हणाल्या, "सूर खाली घ्या जी. सात वर्षं गायलीच नाही मी. आता गळा तेवढा वर जात नाही."

मास्तरांचं बोट पट्टीवर तसंच राहिलं. सात वर्षं त्यांनी अख्ख्या मंडळाला या सुरावर ताणून धरलं होतं. आणि ज्या गळ्यासाठी ताणलं, तो त्यांनीच मोडला होता. त्यांनी बोट उचललं आणि काळी दोन दाबली.

"हा?"

"अजून थोडा."

मास्तरांनी अजून उतरवला. सुमतीबाई गाऊ लागल्या. आवाज दोन ठिकाणी फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत. मागून मंडळानं ओळ उचलली. देवाजीलासुद्धा आज ओरडावं लागलं नाही. मास्तर मात्र बाईंच्या ओठांकडे पाहत नुसता भाता हलवत राहिले.